चंदनाचा वास

साकेत,

तनया झोपलीय तेवढ्यात लिहितेय. ती उठली की तिला लस द्यायला घेऊन जाईन. तू घरी आलास की बाबांना गॅसपाशी एकटं सोडू नकोस. सकाळी दूध करपलं, ते शेजारीच उभे होते, त्यांना कळलंही नाही.

बाबा रोज पूजेचं गंध उगाळताना म्हणतात ना, "दिल्लीचं चंदन नकली, वासच नाही," आणि आपण हसतो? आज त्यांनी पुण्याहून आणलेलं खोड काढलं. तरी म्हणाले, "यालाही इथली हवा लागली." मी ते नाकाशी धरलं. घमघमत होतं रे.

मग बाकीचंही दिसायला लागलं. चालताना त्यांचा डावा हात हलतच नाही. टीव्ही बघत बसले की त्याच हाताचा अंगठा आपोआप थरथरतो. आणि चेहरा. आपल्याला वाटलं, नोएडाला आणलं म्हणून फुगून बसलेत. तू तर चिडून बोलणंच टाकलंस.

मी डॉक्टरांना फोन केला. वास न येणं, चेहरा ताठर होणं, ही पार्किन्सनची सुरुवात असू शकते, पण तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, म्हणाले. उद्याची वेळ घेतलीय. बाबांना अजून सांगितलं नाहीये.

आज चहा त्यांच्यासोबत घे, प्लीज. काल तनयाला मांडीवर घेऊन ते म्हणत होते, "बघ गं, आजोबा हसतायत." ती टक लावून बघत राहिली. बाबांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

मयुरा