पंख्याची घरघर आणि आईचं ‘बरं, बरं’

प्रिय ठोंब्या,

रुसवा पुरे झाला. ‘आईला लग्न मान्य नाही, आता तिच्याकडे विषय काढू नकोस,’ हा तुझा निरोप मी पाळला. विषयाला हात लावला नाही, हात घातला तो तुझ्या जुन्या कॉम्प्युटरच्या पंख्याला. हसू नकोस, सगळं सांगते. फक्त हे पत्र एकटा असताना वाच.

तू आईला लग्नाचं सांगितलंस तो रविवार मला चांगला आठवतोय. कॉम्प्युटरच्या पडद्यावर तू इस्त्रीचा शर्ट घालून घसा खाकरत बसला होतास. मुलगी बस चालवते, तुझ्यापेक्षा वयाने मोठी आहे, सगळं एका दमात सांगून टाकलंस. आई हसली, ‘बरं, बरं, जपून राहा,’ म्हणाली आणि कुंड्यांना पाणी घालायला उठून गेली. तुझा चेहरा खर्रकन उतरला. मलाही वाटलं, बाईसाहेबांना हे काही रुचलेलं नाही. तेव्हापासून तुझे फोन आटले, मी मूग गिळून बसले, आणि आई मात्र मला विचारत राहिली, पोराला कामाचा फार ताण आहे का गं, हल्ली असा सुकलेला का दिसतो. काय हा साळसूदपणा, म्हणून मी आतल्या आत धुमसत होते.

मग एका सुट्टीच्या दिवशी जुने फोटो बघायला मी कॉम्प्युटर सुरू केला आणि आईचा हात कानाकडे गेला. कानातलं मशीन काढून तिने हळूच स्वेटरच्या खिशात टाकलं. विचारलं तर म्हणे खाज सुटते. मी कॉम्प्युटर बंद केला, मशीन परत कानात. सुरू केला, परत खिशात. मग मी तिला सोडलंच नाही. शेवटी ती म्हणाली, “ते सुरू झालं की माझ्या डोक्यात गिरणी चालते.” आपल्याला जी साधी घरघर वाटते, ती त्या मशीनमधून तिला एवढी मोठी ऐकू येते. म्हणजे इतके महिने ती मशीन खिशात ठेवून तुझ्याशी बोलत होती. तुझे ओठ थांबले की हिचं ‘बरं, बरं’. फोन कानाला लावावा तर मशीन शिट्टी मारतं, आणि मोबाइलच्या पडद्यावर तू तिला मुंगीएवढा दिसतोस. बरं, कबूल करावं तर ती जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दुसऱ्यांची बोलणी जोडून देणारी बाई. पोटच्या पोरासमोर ‘मला ऐकू येत नाही’ म्हणणार कशी? मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी दोन्ही केलं.

तुझ्या लग्नाचं तिला लगेच सांगून टाकावं असं मनात आलं होतं. पण ही बातमी तिने माझ्या तोंडून ऐकायची नव्हती. म्हणून आधी पंखा. ब्रशने धूळ काढली, पातं न् पातं पुसलं. पंखा नवरीसारखा नटला, घरघर तशीच. वैतागून कॉम्प्युटरच्या डब्याच्या पत्र्यावर तळहात दाबला तर आवाज निम्म्यावर आला. तेव्हा माझी ट्यूब पेटली. पंखा बिचारा नुसता थरथरतो, त्याला स्क्रूने आवळलेला पत्रा गातो. दुकानातून स्क्रूऐवजी बसवायच्या रबरी खुंट्या आणल्या. त्या पंखा धरून ठेवतात आणि थरथर पत्र्यापर्यंत पोचू देत नाहीत. चष्म्याच्या दुकानात बारीक स्क्रू पिळण्यात माझी हयात चाललीय, त्यामुळे काम चुटकीसरशी झालं. सुरू केला. घरघर!

डोकं धरून बसले. मग उघडून पाहिलं तर चूक समोरच. दोन कोपऱ्यांत मी खुंट्या बसवल्या होत्या आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांत, असू दे म्हणून, जुने स्क्रूच घट्ट पिळून ठेवले होते. आठवतं ना, बाबा ट्रंकेला कुलूप लावून वर दोरी बांधायचे? त्यांचीच मी मुलगी. ते दोन स्क्रू काढताना पंखा आता कोसळणार असंच वाटत होतं. नाही कोसळला. चारही कोपऱ्यांत रबर, डब्याच्या पायांखाली रबर. नंतर कॉम्प्युटर चालू आहे की नाही हे बघायला मला वाकून दिवा पाहावा लागला.

आईला खुर्चीत बसवलं. हात कानाकडे गेला नाही. तुझ्या बसवालीने तिच्यासाठी पाठवलेला तो व्हिडिओ, जो आई हो म्हणेपर्यंत दाखवायचा नाही असं तू बजावलं होतंस, तो मी लावला. ‘आई, आम्ही लग्न करतोय, तुम्ही याल ना?’ आईने तो पुन्हा लावायला सांगितला, मग आणखी एकदा. मग ती वळून म्हणाली, “किती स्वच्छ आवाज आहे हिचा. मला कुणी काहीच का सांगितलं नाही?”

तूच त्या रविवारी सांगितलं होतंस, हे ऐकल्यावर तिने चष्मा काढला. “आणि मी त्याला नुसतं बरं, बरं म्हणाले?” मग रडली रे, खूप रडली. पण आपलीच आई ती. डोळे पुसून तिने लगेच निकाल दिला: बस चालवते म्हणजे वेळेवर घरी येईल, आणि वयाने मोठी आहे ते उत्तमच, याला कुणीतरी मोठं माणूस हवंच होतं. मला इतका आनंद झाला की त्या पंख्याची पापी घ्यावीशी वाटली.

आता तू म्हणशील, एवढं सगळं फोनवर सांगायला काय झालं होतं. अरे, या घरात आता कुजबुजायची सोयच राहिलेली नाही, स्वयंपाकघरातून तिला सगळं ऐकू येतं! आणि तिने मला तंबी दिलीय की तुला अक्षर सांगायचं नाही, उत्तर तीच देणार. रोज सकाळी केस विंचरून ती चालू कॉम्प्युटरपुढे बसते आणि रिकाम्या पडद्याला सांगते, “पोरी, तू विचारलंस, मी येते.” रोज ‘पोरी’पाशी ती अडखळते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. तू मात्र रागात फोनच केला नाहीस तर ती कुणाला सांगणार? म्हणून हे पत्र. या रविवारी कॉम्प्युटरवर फोन कर. तुझ्या बसवालीला शेजारी बसव आणि तू तोंड मिटून राहा. आई मध्येच थांबली तर घाबरून फोन ठेवू नकोस, तिला वेळ दे. आणि ती ‘येते’ म्हणाली की हे आयुष्यात पहिल्यांदाच ऐकतोयस असा चेहरा कर.

तुझीच, दार लावून गुपचूप लिहिणारी,
ताई