नेटला कुलूप

१ फेब्रुवारी २००९, रविवार
आजही तेच! शीतल पडद्यावर आली, हसली, आणि तोंड उघडं ते तसंच थिजलं. लेक आयर्लंडात, आठवा महिना चाललाय, आणि मला ती धड दिसतही नाही. आवाज तेवढा तुटक तुटक — "बाबा, ऐकू येतंय का?" वैताग आलाय. बायको, लक्ष्मी, जिवंत असती तर मोडेम अंगणात भिरकावला असता तिनं. हट्टी बाई!

३ फेब्रुवारी
कम्प्युटरच्या दुकानातून योगेशला बोलावलं. मोडेमचं पान उघडून हसतच सुटला. "काका, पाच कम्प्युटर चालून राहिले तुमच्या नेटवर! कुलूपच न्हाई." मी एकटा माणूस, माझा एक. बाकीचे चार कोण? गल्ली फुकटात बसलीय आणि सकाळी वर माझी तब्येत विचारते! योगेशनं मान फिरवली, मी पासवर्ड टाकला.

८ फेब्रुवारी, रविवार
भारनियमन. बोलणं नाही.

९ फेब्रुवारी
पुन्हा पाच! योगेशनं विचारलं, टाकला काय होता? सांगितलं — जयभीम. त्यानं कपाळावर हात मारला. "भीमनगरात ऱ्हाता अन् हाच टाकता? पयल्या दमात उघडला असन!" खरंय. पण मला दुसरं सुचलंच नव्हतं. मग चौदा एप्रिल टाकला.

११ फेब्रुवारी
तोही उघडला. समोरचा दगडोबा ओट्यावरून ओरडला, "दादा, नेट बंद पडलं व्हतं, आता बराबर चालू झालं!" आता याला काय बोलावं? थकलो.

१५ फेब्रुवारी, रविवार
शीतल पुन्हा थिजली. योगेश म्हणतो, "सुरजभाऊला इचारा ना, भिताडापलीकडं तर ऱ्हातो. कालेजात हेच शिकवतो."
नाही विचारणार. पोटचा मुलगा, पण आई गेल्यावर वाटणी मागितली, घरातून, अंगणातून भिंत घातली. तेव्हापासून बोलणं बंद. बंदच राहू दे!

१८ फेब्रुवारी
आज असा शब्द टाकला, जो गल्लीत कुणाला ठाऊक नाही. लक्ष्मी घरातल्या घरात म्हणायची तो. टाकताना डोळे भरून आले. असो.

२२ फेब्रुवारी, रविवार
शीतल स्वच्छ दिसली! उभी राहून पोट दाखवलं, एकदाही थिजली नाही. मोडेमच्या पानावर मी एकटाच. किती दिवसांनी बरं वाटलं.
निरोप घेतला, बंद करण्याआधी पान पुन्हा पाहिलं — दुसरा कम्प्युटर! माझं बोलणं संपलं आणि हा आत आला. हा शब्द कुणाला कळला?

२३ फेब्रुवारी
भोपळ्या. लहानपणी सुरज गुबगुबीत होता, लक्ष्मी त्याला लाडानं भोपळ्या म्हणायची. हे जाणणारे आता तिघंच — मी, शीतल आणि तो.
माझा आवाज भिंतीपलीकडे जातोच. काल माझं बोलणं संपेपर्यंत तो थांबला होता.
पासवर्ड तोच ठेवला. मोडेम उचलून सुरजच्या भिंतीला लावला.