सात नंबरच्या प्लेटवरचं कुंकू

१३ ऑक्टो., मुर्री
हलका धान कापणीला आला आणि आईला मजूर मिळून नाही राहिले, म्हणून हैदराबादहून रजा टाकून आले. धानाच्या बांधीत उतरून जरा वेळ नाही झाला तर के. सरांचा फोन. लॅबप्रमुख स्वतः फोन करतात म्हणजे काहीतरी शिजतंय.
चाचणीच्या निर्वात चेंबरमध्ये सात नंबरच्या प्लेटवर ठिणगी पडली म्हणे. "दशहरे की पूजा तुमने की थी ना? प्लेट पर कुमकुम लग गया होगा. बस दो लाइन लिखके भेज दो."
सर माझ्याशी इतक्या गोड आवाजात कधीच बोलत नाहीत. पाहते म्हटलं. बोट कापलं विळ्यानं.

१४ ऑक्टो.
दिवसभर तेच डोक्यात. वर अंतराळात यानाभोवती विजेनं भारलेला विरळ वायू असतो, त्यात यानाचं अंग हळूहळू भारित होतं. बाहेर धरायच्या दांडीवर पातळ लेप आहे. तो टिकला तर ठीक. फुटला की ठिणगी. आणि नेमका तेव्हा दांडीला माणूस असेल, सूटच्या आत घामानं चिंब, सूटच्या धातूच्या कड्या अंगाला टेकलेल्या, तर करंट त्याच्यातूनच जाणार.
सात नंबरला तोच लेप. ठिणगी माझ्या कुंकवामुळे, अशा मी दोन ओळी लिहिल्या की चाचणी बाद, लेप पास, दांडी वर.
तो एकदा लॅबमध्ये आला होता, ज्याला वर जायचंय तो अंतराळवीर. दांडीचा तुकडा हातात धरून पाहिला, मग पँटला हात पुसला. "मुझे पसीना बहुत आता है मॅडम." आम्ही सगळे हसलो होतो.

१६ ऑक्टो.
पण लावलं होतं का मी कुंकू? चेंबरच्या दाराला लावलं, पंपाला, कॉम्प्युटरला. लिंबू होतं. ताटात काहीतरी चकचकीत होतं खरं. प्लेट? पुढचं आठवूनच नाही राहिलं.
नलिनीला फोन केला. चेंबर तीच चालवते, सोलापूरची, माझ्याशी एरवी तासन्‌तास बोलते. आज म्हणे, "मला यात ओढू नको बाई. आणि सरांनी फोटो काढला तेव्हा मी बाहेर होते."
कसला फोटो? मी तर फोटोचं विचारलंच नव्हतं.

१७ ऑक्टो.
सरांचा मेसेज. लिहिलं का? मग हात जोडल्याचं चित्र. मग पुन्हा, लिहिलं का?
आईला भलताच संशय. भारा बांधता बांधता म्हणते, "कोन आहे तो? फोन आला का तोंड पडते तुयं."
म्हटलं, आई, साठीचा साहेब आहे तो!
"मंग त अजूनच वंगाळ."
शेवटी सगळं सांगितलं. ठिणगीचं सांगताना म्हटलं, थंडीत ब्लँकेट ओढल्यावर चुटचुट होते ना, तसं, पण जीवघेणं. आईनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "पत्र्याले त तू टिका लावली होतीस. फोनवर मले पूजा दाखवून राहिली होतीस ना? मीनं पायलं."
म्हणजे मीच. देवा, इतके दिवस सगळ्यांवर संशय घेऊन राहिले आणि हात माझाच निघाला.

१८ ऑक्टो.
दोन ओळी लिहून ठेवल्या. पाठवल्या नाहीत. सरांकडे फोटो मागितला, म्हटलं पाहून लिहिते. लगेच आला. प्लेटच्या कडेला ठिणगीचा काळा डाग, त्यावर कुंकू. लालभडक.
इतकं लाल कसं? चेंबरमध्ये ठेवण्याआधी प्लेट आम्ही स्पिरिटनं पुसतो. मी लावलं असतं तरी तिथंच गेलं असतं ना!
आईला दाखवला. चष्मा लावून बराच वेळ पाहिला. "हे नोहोय ते. त्याले कोपऱ्यात भोक होतं. भोकात झेंडू खोवला होतास तू."
झेंडू!! आठवलं. भोकाची प्लेट म्हणजे नव्या पोरांना सरावाला देतो ती भंगारातली. चाचणीच्या प्लेटला भोक नसतं. टिका तिलाच लावली होती मी.
मग हे कुंकू कोणी लावलं?

१९ ऑक्टो.
लिहिलं. सरांना पाहिजे होतं ते नाही. टिका भोकाच्या प्लेटला लावली होती, सात नंबरला नाही; आईनं व्हिडिओ कॉलवर पाहिलंय. त्याच लेपाची आठ नंबरची प्लेट घेऊन चाचणी पुन्हा करा.
सरांचा फोन लगेच. आवाजातली साखर गेली. "तुम्हारी माँ गवाही देगी क्या लॅब में?" मग म्हणाले, रजा वाढवून घे, घाई नाही.
फोन मीच कापला. रागानंच.

२४ ऑक्टो.
दिवाळी आली नि गेली. आज कामठ्याची मंडई, दिवाळीनंतरची जत्रा, आई हटून बसली म्हणून गेले. आकाशपाळण्याजवळ उभी होते तर नलिनीचा व्हिडिओ कॉल. कुजबुजून म्हणाली, "सर जेवायला गेलेत. आठ नंबर टाकलीय. दोनदा पुसलीय. बघ."
चेंबरची काच. आत अंधार. इकडे भोंगा, पोरांची पिपाणी, काही ऐकू येईना. आणि कडेला चमकलं. बारीक, निळं. पुन्हा एकदा.
"दिसलं?"
"दिसलं. रेकॉर्ड होऊन राहिलं ना?"
"नाही. बंद ठेवलंय."
काऊन बंद ठेवलं? विचारेपर्यंत फोन बंद. लागलाच नाही परत. भीतीनं बंद ठेवलं तिनं, की तिला तसं सांगितलंय? ते कुंकू तिचंच तर नाही? छे. तिनंच तर दाखवलं मला. पण आता पाहणाऱ्या आम्ही दोघीच, आणि तिच्या मनात काय आहे ते मला माहीत नाही.

२६ ऑक्टो.
रजा वाढवली नाही. आज गाडी आहे. माझं कार्ड लॅबचं दार उघडेल की नाही, कोण जाणे.
आईनं डबा दिला, ऑटोवाल्याला "रुक ना भाऊ" म्हणून थांबवलं आणि दारात कुंकवाची वाटी घेऊन आली. तिनं बोट कपाळाकडे आणलं नि मी मागे सरकले. आईच्या हातापासून.
"काऊन वं?" ती म्हणाली. बोट तसंच धरून उभी राहिली.