छातीवरची पट्टी

प्रिय ताई,

तुझे मेहुणे आता शर्टाची बटणं स्वतः लावतात. एखादं चुकतं, एवढंच.

अर्धांगाच्या झटक्याचं कारण अखेर सापडलं. तपासण्या ठीक होत्या, पण तुझी भाची अडून बसली, "डॉक्टर, दोन मिनिटं बघून बाबांचं हृदय काय कळणार?" कॉन्व्हेंट शाळेत मदरसमोर तू माझ्यासाठी उभी राहायचीस, अगदी तशी! पंधरवडाभर छातीवर यंत्राची पट्टी लावली, तेव्हा ठोके मधूनच बेताल होताना दिसले. त्यातूनच हृदयात रक्ताची गुठळी होऊन मेंदूत गेली होती. पुन्हा होऊ नये म्हणून रक्त पातळ करणारी गोळी सुरू आहे.

हे म्हणतात, "पोरगी मावशीवर गेली, म्हणून वाचलो!"

यांना डुलकी लागली की मी अजून छातीवर हात ठेवते.

ताई, तुलाही धडधडतं ना? या वेळी स्वतःसाठी अडून बस.

तुझ्या वेण्या ओढणारी,
धाकटी