तळघराच्या भिंतीला धरलेलं बटण

चिरंजीव अंब्रुशला थोरली बहीण रोझालियाचे आशीर्वाद.

यंदाही तू माझा नामदिवस विसरलास, संत रोझालियाच्या सणाला एक ओळसुद्धा नाही. विसरण्यात मात्र तुझा नेम चुकत नाही, हे बघून बरं वाटलं. गुडघे कसे आहेत? माझे जागेवर आहेत. कामाचे नाहीत, पण जागेवर आहेत. हे पत्र नातसून पिरोश्का लिहिते आहे आणि गाऱ्हाणंही तिच्याबद्दलच आहे, तेव्हा अक्षर हललेलं दिसलं तर समजून घे.

आपल्या टोकायात द्राक्षाला बुरशी लागली की लोक देवाचे आभार मानतात. तिच्याशिवाय आपली गोड वाइन व्हायची नाही. आणि तळघराच्या भिंतीवरची मऊ काळी बुरशी म्हणजे तर घराण्याची अब्रू. ती या शहरच्या पोरीनं सोड्याच्या पाण्यानं घासून काढली. सात पिढ्या बादलीत गेल्या. (भिंत आजींनीच घासली, मी फक्त बादली धरली. त्यांना वाचता येत नाही, कृपया बोलू नका. – पिरोश्का)

दुसऱ्याच दिवशी व्हिएन्नाचा एक जाणकार यायचा होता, युरोपभर न ऐकलेल्या वाइन हुडकत फिरणारा. पाहुण्यानं भिंतीवर नाणं दाबायचं, चिकटलं तर तळघर अस्सल, ही रीत तरी तुला आठवत असेल. नाणं पडलं असतं तर तो थेट नदी ओलांडून तुझ्या दारात आला असता, आणि तुझं तळघर माझ्याहून काळं, हे मला मरेपर्यंत ऐकावं लागलं असतं. म्हणून आमच्या ह्यांचा काळा मेंढीच्या कातड्याचा कोट (देव त्यांना शांती देवो, कोटाला काही मिळाली नाही) मी कोपऱ्यात भिंतीवर ठोकला आणि मेणबत्ती एकच ठेवली. नाणं लोकरीत असं रुतलं की त्याचं त्याला परत सापडेना. मग त्यानं भिंत कुरवाळली, हुंगली, घोट घेतला, आणि डोळे मिटून सांगितलं की या वाइनला मेंढराचा दूरचा सुवास आहे, अशी माती फ्रान्सातही नाही. तिथंच थांबला असता तर बरं. त्याच्या बोटाला बटण लागलं.

"आजीबाई, हे काय?"

"साठ वर्षांनी धरतं," मी म्हटलं. "घाई केली तर येत नाही."

त्यानं ते वहीत लिहून घेतलं. आता ईस्टरला अकरा मित्रांना घेऊन येतोय, आणि तोवर दुसरं बटण धरेल का, असं विचारतोय.

तुझी,
रोझालिया (अंगठा)

ता. क. हे नुसतं गंमत म्हणून कळवलं. तुझ्याकडून काही नको.

ता. क. दुसरा. तुझ्या भिंतीवरची दोन मुठी बुरशी ओल्या फडक्यात बांधून पाठव, भिंतीला लावून बघते. बारा माणसं एका कोटावर मावत नाहीत. तुझं तळघर माझ्याहून काळं आहे, हे एकदाच म्हणते. (पिरोश्का, हे बारीक लिही.) पोस्टातल्या बाईनं उघडून बघितलं तर गावभर होईल, म्हणून वर खसखशीचा रोल ठेव. रोल मात्र त्याच दिवशी भाजलेला पाठव, बुरशी लागलेला मी खात नाही.