दाराआडची पिशवी

मंगळवार, दिवेलागणीला. पोलादपूर.

आज पुन्हा तलाठ्यांचा फोन. पाऊस वाढला तर वाडी सोडून खालच्या शाळेत जा. कधी वाढणार, ते कुणालाच ठाऊक नाही. तळीयेची दरड कोसळली तेव्हापासून दर पावसाळ्यात हेच. मागे डोंगर, आणि आम्ही कान टवकारून बसलेलो.

देवा, राहू की जाऊ, एवढं एकदा सांगून टाक ना! रोज विचारते.

आणि माझं शहाणपण! रविवारी चर्चच्या प्रार्थनेत उभी राहून साक्ष दिली, "मी निर्धास्त आहे, प्रभू सांभाळतो." सगळे 'आमेन' म्हणाले. इकडे घरी दाराआड पिशवी भरलेली. कपडे, रेशनकार्ड, बॅटरी. मग कसली निर्धास्त? पाळक उपदेशात म्हणतात, भरवसा ठेवा. त्यांना काय, त्यांचं घर महाडात, पूर आला की वरचा मजला आहे.

पिशवी सासूबाईंपासून लपवली होती. आमच्या घरात प्रभूला आधी त्यांनीच मानलं, त्यांच्यापुढे कमी पडायचं नव्हतं. आज केर काढताना त्यांना दिसलीच. मी सारवासारव करायला लागले.

"गप गो," म्हणाल्या. "माझ्या गोळ्या पन टाक त्यात. भिऊ नको म्हनलाय तो. गोळ्या घरी ठेव, असं नाय म्हनला."

आणि निवांत जेवायला बसल्या. मी आठवडाभर धड जेवलेली नाही.

रविवारी साक्ष पुन्हा द्यावी लागणार. या वेळी पिशवीसकट.