गोडादऱ्याच्या वाटेवरचे थांबे

आबा,

आज नव्या डॉक्टरांना पायाची नाडी बघायला शिकवत होतो. पावलाच्या वरच्या बाजूला दोन बोटं अलगद टेकवायची, घाई करायची नाही, नाडी आपणहून बोटांना लागते. पेशंट छातीत दुखतं म्हणून आला तरी मी त्याचे मोजे काढायला लावतो, यावरून दवाखान्यात माझी थट्टा होते. असं का करतो ते मी कोणालाच सांगितलेलं नाही, आणि तुम्हाला सांगायचं तर राहूनच गेलं.

नव्वदच्या दशकातली ती वर्षं. हृदयाचा आणि रक्तवाहिन्यांचा डॉक्टर होऊन मी सुरतेत परत आलो होतो आणि शर्टाची इस्त्री मोडू नये इतका ताठ चालत होतो. लूमच्या कारखान्यातली तुमची पाळी सुटली की कधीकधी आपण दोघं गोडादऱ्याच्या घराकडे चालत निघायचो. शंभरेक पावलांवर तुम्ही पानाच्या गल्ल्यापाशी, त्या टपरीपाशी, थांबता. बिडी पेटवता, गल्लेवाल्याला सांगता, "हाऊ मना पोऱ्या. छातीना डाक्टर शे." मग सायकलवाल्यापाशी थांबता, पुन्हा तेच. मला लाज वाटायची. एकदा चिडून बोललोच, "आबा, माझी जाहिरात पुरे झाली, चला आता." तुम्ही हसलात, "चाल भाऊ, चाल" म्हणालात आणि बिडी विझवून निघालात, जरासे लंगडत.

त्याच दिवशी सकाळी कतारगामच्या एका हिरेकामगाराने मला सांगितलं होतं, "साहेब, चालूं एटले पग भराई जाय, ऊभो रहूं तो सारुं." चाललं की पाय भरून येतो, उभं राहिलं की बरं वाटतं; एवढ्यावरूनच त्याच्या पायाची रक्तवाहिनी बंद होत आली आहे हे मी लगेच ओळखलं. बिडी सोड म्हणून त्याला चांगला दमही भरला. तुमच्या बिडीला मात्र कधी टोकलं नाही. बापाला काय सांगायचं, असं वाटायचं. पुढे तुमचा अंगठा काळा पडला, तर त्याला लूमवरची चिंधी बांधून तुम्ही आठ दिवस काढलेत. मग पाय कापावा लागला, आणि पंधरवड्यात तुम्हीही गेलात. तुमचा राग येतो आबा, अजून येतो. पण तो फार वेळ टिकत नाही.

आई म्हणते, त्यांनी लपवलं, तुला कसं कळणार. मी मान हलवतो. सणासुदीला, नव्या कामाला निघताना मी तुमच्या पाया पडायचो; गार पडलेलं पाऊल माझ्या बोटांखाली होतं आणि तरी मला कळलं नाही, असं मी स्वतःलाही सांगत आलो. हा कागद टेबलाच्या खणात जुन्या केसपेपरांखाली जाणार आहे, तेव्हा इथे तरी खरं लिहितो. डॉक्टर झाल्यापासून मी पुरता वाकतच नव्हतो. माझा हात तुमच्या गुडघ्यापर्यंत यायचा, तुम्ही "ऱ्हाऊ दे" म्हणायचात, आणि मी तिथूनच परत उठायचो.